समाधानी पक्षकार पाहिजे

सत्तावीस वर्षं वकिली केलेल्या माणसाला एक समाधानी पक्षकार सापडू नये, ही गोष्ट मी आपणहून कुणाला सांगितली नसती. पण आमच्या शेजारच्या आप्पासाहेबांना ती कळली, म्हणजे निम्म्या सिडकोला कळली. उरलेल्या निम्म्यांना ती तिखटमीठ लावून कळण्यापेक्षा मीच सांगितलेली बरी.

सुरुवात माझ्या मुलीनं केली. संस्कृती लॉच्या चौथ्या वर्षाला आहे. तिच्या कॉलेजात वकिलांच्या वाटचालीवर एक कार्यक्रम ठरला होता. शहरातल्या नामवंत वकिलांनी यायचं, आपला प्रवास सांगायचा, आयुष्यानं शिकवलेले तीन धडे सांगायचे, आणि पक्षकाराची सेवा कशी करावी यावर पोरांना चार शब्द ऐकवायचे. त्या नामवंतांपैकी एकाची तब्येत पंधरा दिवस आधी बिघडली. नामवंत माणसाची तब्येत पंधरा दिवस आधी बिघडते, आपली त्या दिवशी सकाळी बिघडते, एवढाच काय तो फरक.

"पप्पा, बावीस मार्चला रिकामे आहात का?" तिनं जेवताना विचारलं.

"डायरी बघावी लागंल," मी म्हणालो. डायरीत बावीस मार्चच्या पानावर कुणीतरी गिरणीचा फोन नंबर लिहून ठेवला होता. बाकी पान स्वच्छ होतं.

"एकच अट आहे. प्रत्येक वकिलानं आपला एक समाधानी पक्षकार सोबत आणायचा. तो दोन मिनिटं बोलणार. मॅडमची आयडिया आहे."

माझी बायको दीपमाला भाकरी वाढत होती. तिचा हात तव्याजवळच थांबला. "एक?" तिनं विचारलं. एवढंच. पंचवीस वर्षांच्या संसारात तिनं माझ्या धंद्याबद्दल इतकं सविस्तर मत पहिल्यांदाच दिलं.

मी म्हणालो, "एक काय, दहा आणतो." हे वाक्य बोलण्याची गरज नव्हती. पण वकिलाला गरज नसताना बोलण्याचीच सवय असते. गरज असते तेव्हा तो तारीख मागतो.

कॉलेजनं एक फॉर्म पाठवला होता. 'आपल्या कारकिर्दीतील तीन धडे.' मी पेन घेऊन बसलो. पहिला धडा मला माझ्या सीनियरनं पहिल्याच आठवड्यात दिला होता : पक्षकाराला निकाल सांगू नये, तारीख सांगावी; निकालावरून तो भांडतो, तारखेवरून भांडत नाही. या एका धड्यावर मी घर बांधलं, गाडी घेतली, मुलगी शिकवली. पण तो फॉर्मवर लिहिण्यासारखा नव्हता. मी लिहिलं, 'प्रामाणिकपणा.' दुसऱ्या धड्यापुढं 'अभ्यास' लिहिलं. तिसऱ्यापुढं काही सुचेना, म्हणून 'संयम' लिहिलं. संयम माझ्या पक्षकारांनीच पाळला होता, पण तो मीच त्यांना शिकवला होता, तेव्हा चालून जावं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी आमच्या मुन्शीला, सांडूला, कपाटं उघडायला लावली. सांडू माझ्याकडं बावीस वर्षं आहे. साठी उलटली तरी त्याला प्रत्येक फाईल वासावरून ओळखू येते.

"सांडू, आपला एखादा समाधानी पक्षकार शोध."

"समाधानी म्हंजी कसला, साहेब?"

"ज्याला आपल्या कामानं आनंद झाला, असा."

त्यानं एक-दोन फायली हुंगून बघितल्या. मग म्हणाला, "मयत चालंल का? आंबेलोहळचे एक म्हातारबा व्हते. लई मानायचे तुम्हाला. निकालाच्या आधीच गेले बिचारे."

मयत चालणार नाही, असं मी सांगितल्यावर त्यानं नाखुशीनं पुढची फाईल काढली. दुपारपर्यंत आम्ही चौघांना फोन लावले. एकानं आवाज ओळखताच "पुन्हा तारीख लागली का?" म्हणून विचारलं. त्याची केस दोन हजार सतरामध्येच संपली होती, पण धसका गेलेला नव्हता. दुसऱ्यानं आपण घरी नसल्याचं स्वतःच सांगितलं. तिसरा माझ्याविरुद्धच सल्ला घेण्यासाठी वकील शोधत होता आणि कुणी चांगला माहीत असल्यास नाव सुचवा, असं म्हणाला. चौथा फार प्रेमानं बोलला. दहा मिनिटांनी कळलं की त्याला मी गॅसवाला वाटलो होतो.

संध्याकाळी जिन्यात आप्पासाहेब भेटले. हे तहसीलमधून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ. लोकांच्या अडचणीचा यांना मुंगीला साखरेचा लागतो तसा वास लागतो.

"वकीलसाहेब, पक्षकार खराच कशाला पाहिजे?" ते म्हणाले. "आमच्या मेव्हण्याला उभा करा. साक्ष द्यायला असा माणूस नाही. फक्त काय बोलायचं ते दोनदा सांगा आणि नाष्ट्याची सोय करा."

"आप्पासाहेब, कॉलेज आहे ते. कोर्ट नाही."

"मग तर शपथही नाही. आणखीच सोपं." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "नाहीतर एखादा निर्दोष सुटलेला आणा. त्याच्याइतका समाधानी माणूस दुनियेत नाही. फक्त सभागृहात पर्सा सांभाळायला सांगा बायकांना."

या सल्ल्याचा मी अपमान म्हणून स्वीकार केला आणि वर गेलो.

मग मला कृष्णा आठवला. त्याचा घटस्फोट मी मिळवून दिला होता. सहा वर्षं चाललेला दावा, पण शेवटी निकाल आपल्या बाजूनं. ज्याला बायकोपासून सोडवलं तो समाधानी नसणार तर कोण? मी पत्ता काढून पुंडलिकनगरात त्याच्या घरी गेलो. बेल वाजवली. दार निशानं उघडलं.

निशा म्हणजे तीच, जिच्यापासून मी त्याला सोडवला होता.

मी पाटी पुन्हा वाचली. पाटी बरोबर होती. "या ना साहेब," निशा हसून म्हणाली, "आम्ही मागच्या वर्षी पुन्हा लग्न केलं. तुम्हाला बोलवायचं राहून गेलं."

कृष्णा आतून आला, पाया पडला. चहा झाला. मी विचारलं, हे कसं काय.

"साहेब, सगळी तुमची कृपा," कृष्णा म्हणाला. आणि तो अगदी मनापासून म्हणाला, हेच वाईट. "तुम्ही तारखेला येत नव्हता. हिचे वकीलसाहेब पण येत नव्हते. मग आम्ही दोघं बाहेर एकाच बाकड्यावर बसून राहायचो. सहा वर्षं. किती वेळ तोंड फिरवून बसणार माणूस?"

"पहिली दोन वर्षं फिरवलं," निशा म्हणाली. "तिसऱ्या वर्षी यानं डबा आणला."

"पण मग निकाल कशाला घेतला?" मी जरा तिखटपणेच विचारलं.

"तुम्ही एवढे कष्ट घेतले होते, साहेब. म्हटलं, मोडता कशाला घाला."

मी त्यांना कार्यक्रमाला बोलावलं नाही. खरं तर तेच दोघं मनापासून बोलले असते. पण सहा वर्षं न येऊन मी एक संसार जुळवला, हा धडा मला लॉच्या चारशे पोरांपुढं ठेवायचा नव्हता.

आता एकच नाव उरलं होतं. द्वारकाबाई शिंगाडे, बिडकीन. मेंढपाळाच्या घरातली विधवा बाई. नवरा असताना घराशेजारच्या दीड गुंठ्यात त्यांच्या मेंढ्या बसायच्या. नवरा गेला, आणि पुतण्यानं त्या जागेवर पत्र्याचं शेड ठोकलं. ताब्याचा दावा मी लढलो, खाली जिंकलो, अपिलात जिंकलो. एकवीस मार्च दोन हजार तेराला अंतिम निकाल लागला तेव्हा ती कोर्टाच्या पायरीवर रडली होती आणि तिनं मला गुळाची ढेप दिली होती. माझ्या कारकिर्दीतला हा सगळ्यात स्वच्छ विजय. याची आठवण आधी का झाली नाही, याचं मला नवल वाटलं. आठवण न होण्यामागंही काही कारण असतं, हे तेव्हा ध्यानात आलं नाही.

नऊ मार्चला, रविवारी, मी गाडी काढून बिडकीनला गेलो. द्वारकाबाई आता सत्तरीला टेकली आहे. मेंढ्या चारच उरल्यात. सकाळी ती नव्या कारखान्यांच्या बाजूला झाडलोटीला जाते. मला बघून तिची धांदल उडाली. तिनं बसायला घोंगडी टाकली, पिठलं-भाकरी केली, ठेचा वाढला. भिंतीवर काचेच्या फ्रेममध्ये माझा निकाल लावला होता. पहिलं पान. खाली झेंडूची सुकलेली माळ.

"द्वारकाबाई," मी मुद्द्यावर आलो, "तुम्ही माझ्या कामावर समाधानी आहात ना?"

"व्हय की."

"मग बावीस तारखेला कॉलेजात येऊन तेवढं दोन मिनिटं सांगाल का?"

"सांगंन की. त्यात काय." मग ठेच्याची वाटी पुढं सरकवत, "खरंच बोलायचं ना?"

"खरंच."

"मंग यीन."

मी तृप्त होऊन हात धुवायला बाहेर आलो. समोर, दीड गुंठ्यात, पत्र्याचं शेड उभं होतं. आत कुणीतरी वेल्डिंग करत होतं. निळ्या ठिणग्या माझ्या विजयावर उडत होत्या.

"हे... हे अजून इथंच?"

"इथंच की," ती तांब्यानं पाणी घालत म्हणाली. "ते कुठं जाईल."

इथं मला एक गोष्ट वाचकांना सांगावी लागेल, जी मी द्वारकाबाईला कधी नीट सांगितली नाही. कोर्टात जिंकलं म्हणजे जागा मिळत नाही. निकाल हा कागद असतो. त्या कागदावरून प्रत्यक्ष ताबा मिळवायला पुन्हा कोर्टात अर्ज करावा लागतो. त्याला दरखास्त म्हणतात. ती बारा वर्षांच्या आत करायची असते. बारा वर्षांवर एक दिवस गेला की निकाल फक्त फ्रेममध्ये लावायच्या कामाचा उरतो.

मी ओल्या हातांची बोटं मोजली. बारा वर्षं पूर्ण व्हायला बारा दिवस बाकी होते.

दरखास्त मी का केली नव्हती? निकालानंतर मी तिला म्हणालो होतो, "आता दरखास्त टाकू, पुढच्या महिन्यात या." ती पुढच्या महिन्यात आली. त्याच्या पुढच्याही महिन्यात आली. मी "बघू" म्हणालो. मग ती दिवाळीनंतर आली, मग उन्हाळ्यात. सांडू सांगायचा, साहेब हायकोर्टात गेलेत. मी आतल्या खोलीत बसून ते ऐकायचो. मग ती यायची थांबली. कारण काही नव्हतं. कारण असतं तर बरं झालं असतं. माणूस कारणाला दोष देऊ शकतो.

हात पुसून मी तिचा निरोप घेतला. गाडीत बसलो आणि ठरवलं की हे गुपचूप निस्तरायचं. दरखास्त टाकायची आणि बावीस तारखेला ताठ मानेनं व्यासपीठावर बसायचं. तिच्या अंगठ्याचीसुद्धा गरज नव्हती. अनुभवी वकील पक्षकाराकडून दोन-चार कोऱ्या कागदांवर अंगठे आधीच घेऊन ठेवतो. याला दूरदृष्टी म्हणतात. पकडलं गेल्यावर वेगळं काहीतरी म्हणतात.

सोमवारी निकालाच्या नकलेसाठी अर्ज केला. रेकॉर्ड रूमचा कारकून रजिस्टर बघून म्हणाला, "वकीलसाब, फाइल इधर नै है."

"मग कुठं आहे?"

"मालूम नै. आउटवर्ड दिखता. कल आव."

मंगळवारी गेलो. "इधर नै है." बुधवारी माझा आवाज चढला. सत्तावीस वर्षांचा संताप एका कारकुनावर काढण्यात जी मजा असते ती मी घेतली. एका गरीब विधवेची फाईल गहाळ होते म्हणजे काय, न्याय नावाची काही चीज आहे की नाही, असं मी चांगलं दहा मिनिटं बोललो. व्हरांड्यातली माणसं थांबून ऐकत होती. एका म्हाताऱ्यानं तर माझा नंबर मागितला. मग मी 'फाईल गहाळ झाल्याबाबत' असा कडक तक्रार अर्ज तीन प्रतींत दिला. गुरुवारी होळी, शुक्रवारी धुळवड, मग शनिवार-रविवार.

त्या चार दिवसांत माझा चेहरा बघून आप्पासाहेबांनी विचारलंच. मी चुकून 'फाईल' एवढाच शब्द उच्चारला. धुळवडीला रंग लावायला आलेल्या प्रत्येकानं माझ्या गालावर हात फिरवत विचारलं, "काय वकीलसाहेब, सापडली का फाईल?" एका डेंटिस्टनं सांगितलं, माळ्यावर बघा. त्याच्या बायकोनं हरवलेल्या वस्तूसाठीचा एक उपवास सांगितला. आप्पासाहेब म्हणाले, "आमच्या ऑफिसात असं झालं की आम्ही सरळ 'उंदरांनी खाल्ली' असा पंचनामा करायचो. उंदीर काही हरकत घेत नाही."

सोमवारी सांडूनं कपाटाच्या तळातून अंगठ्याचं वकीलपत्र शोधून काढलं. एक कोपरा खरोखरच उंदरांनी खाल्ला होता, पण अंगठा शाबूत होता. नक्कल नंतर जोडतो, अशी विनंती करून मी निकालाच्या जुन्या झेरॉक्सवर दरखास्त तयार केली. टायपिंग सांडूनं केलं. पहिल्या प्रतीत त्यानं सवयीनं शेवटी 'तरी पुढील तारीख मिळावी' असं लिहिलं होतं. ती फाडली. स्कॅनिंगचं यंत्र अंगठ्याला डाग समजून पुसून टाकत होतं. त्यात दोन दिवस गेले. वीस मार्चला, गुरुवारी, एक दिवस हातात ठेवून, मी तालुक्याच्या कोर्टातल्या खिडकीपुढं उभा राहिलो. मान ताठ होती. उशिरा का होईना, मी एक चांगलं काम करत होतो, आणि कुणाला न सांगता करत होतो. अशा वेळी माणसाला स्वतःबद्दल फार आदर वाटतो.

खिडकीतल्या बाईंनी नाव टाइप केलं. मग माझ्याकडं बघितलं.

"सर, द्वारकाबाई शिंगाडे, बिडकीनच्याच ना? ही दरखास्त तर चालू आहे. दोन हजार तेवीसची."

"काहीतरी चूक होतेय."

"नाही सर. कब्जा वॉरंटसुद्धा निघालंय. पंचवीस तारखेला कोर्टाचे बेलीफ ताबा द्यायला जाणार आहेत. म्हणून तर मूळ फाईल कोर्टात मागवून घेतलीय." त्यांनी पडदा थोडा माझ्याकडं वळवला. "वकील आहेत सोनिया बनकर."

सोनिया बनकर माझी जुनी ज्युनियर. आठ महिने माझ्याकडं होती. फायली उचलायच्या आणि जज्जसाहेबांपुढं उभं राहून "सर येतायत" म्हणायचं, हे तिचं काम. एक दिवस ती सोडून गेली. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगत आलो : मुलगी हुशार होती, पण चिकाटी नाही.

मी बाईंना म्हणालो, "मी त्या गहाळ फाईलीचा एक तक्रार अर्ज दिलाय. तो मागं घ्यायचाय."

"त्यासाठी अर्ज द्यावा लागेल, सर," बाई म्हणाल्या. "तीन प्रतींत."

बाहेर येऊन मी सोनियाला फोन लावला. वकिलाचा पक्षकार दुसऱ्या वकिलानं घेताना पहिल्याची संमती घ्यायची असते, असा आमच्यात शिष्टाचार आहे. कायदा सापडेना तेव्हा मला शिष्टाचार आठवतो.

"सोनिया, माझी ना-हरकत घेतली नाहीस तू."

"सर, मी ऑफिसात दोनदा आले होते. सांडूमामा म्हणाले, साहेब हायकोर्टात गेलेत. मग मी तुम्हाला मेसेज केला होता. तुमचं उत्तरही आलं होतं."

मी फोनमध्ये मागं मागं गेलो. सुप्रभात, गुरुपौर्णिमा, कुणाच्या तरी साडूच्या निधनाची बातमी, आणि मध्ये सोनियाचा मेसेज : 'सर, द्वारकाबाई कोर्टाच्या पायऱ्यांवर भेटल्या. तुम्हाला शोधत होत्या. त्यांची दरखास्त मी दाखल करू का? तुमची हरकत नाही ना?' खाली माझं उत्तर. दोन जोडलेले हात. मी सगळ्यांनाच तेच पाठवतो. साडूच्या निधनालाही तेच पाठवले होते.

संध्याकाळी मी द्वारकाबाईला फोन केला. "तुम्ही मला त्या दिवशी सांगितलं का नाही?"

"तुमी एवढ्या लांबून जेवायला आले व्हते," ती म्हणाली. "घास कडू कशाला करायचा? आन् तुमी इचारलं बी नाय. समाधानी हाय का, येवढंच इचारलं."

"बरं. मग आता शनिवारी यायची तसदी घेऊ नका."

"असं कसं? शबुद दिलाय नं. सोनियाबाई सोडत्याल मला गाडीवर."

मधल्या दोन्ही रात्री मी तब्येत बिघडवण्याचा प्रयत्न करण्यात घालवल्या. पण मी नामवंत नाही. शनिवारी सकाळी मी ठणठणीत होतो.

सभागृह भरलं होतं. सूत्रसंचालन संस्कृतीकडं होतं. माझ्या आधीच्या वकिलांनी आणलेला पक्षकार कारखानदार होता. तो सफाईदार बोलला आणि शेवटी त्यानं आपल्या कारखान्याचं कार्ड वाटलं. मग मी बोललो. प्रामाणिकपणा, अभ्यास, संयम. संयमावर बोलताना पहिल्या रांगेत बसलेल्या सोनियाकडं बघायचं मी टाळलं. तिच्या शेजारी द्वारकाबाई डोक्यावरचा पदर सावरत होती.

ती वर आली. माईक तिला फार उंच होता. संस्कृतीनं तो खाली ओढून दिला.

"मला बोलता येत नाय," द्वारकाबाई म्हणाली. "ह्या साहेबांनी मला जिंकून दिलं. लई चांगलं बोलले व्हते ते कोर्टात. मी ते आजून इसरले नाय. निकाल भिंतीला लावलाय." ती थांबली. मला वाटलं, संपलं. मी हात जोडायला उचललेसुद्धा. "आन् आता मंगळवारी जागा मिळणार हाय. ती ह्या सोनियाबाई मिळवून देत्यात. साहेबांनी जिंकून दिलं, ह्यांनी मिळवून दिलं. दोगांचं बी भलं व्हवो."

टाळ्या पडल्या. त्यांत कुणाच्या वाट्याच्या किती, हे मला मोजता येत नव्हतं. मागच्या बाकावरून एका पोरानं विचारलं, "आजी, जिंकल्यानंतर मिळायला किती वर्षं लागली?"

"बारा," ती म्हणाली.

सभागृहातली पोरं लॉची होती. बारा म्हणजे काय, हे त्यांना कालपरवाच शिकवलेलं होतं. संस्कृती माईक हातात घेऊन माझ्याकडं बघत होती. ती रागावलेली नव्हती. ती मोजत होती. मग तिनं पुढच्या वक्त्याचं नाव घेतलं.

रात्री घरी सगळे जेवायला बसलो. संस्कृती म्हणाली, "पप्पा, उन्हाळ्याच्या सुट्टीत मी इंटर्नशिप करतेय. सोनिया मॅडमकडं."

"माझं ऑफिस आहे की."

"माहितीय," ती म्हणाली, आणि भाजी वाढून घेतली.

दीपमाला त्या वेळी नुसती भाकरी वाढत राहिली. तिचा संयम मात्र मी शिकवलेला नाही. तो तिनं सोबत आणला होता.

मंगळवारी संस्कृतीला बिडकीनला जायचं होतं. ताबा कसा घेतात ते तिला बघायचं होतं. एसटीच्या वेळा जुळेनात, तेव्हा गाडी मी काढली. मी नुसता ड्रायव्हर होतो. तसं मी दोनदा बोलूनही दाखवलं, पण कुणी ते नाकारलं नाही.

बेलीफ आला होता, दोन पोलीस होते. सोनिया कागद लावत होती. पुतण्यानं वेल्डिंगचं मशीन आदल्या दिवशीच हलवलं होतं; तो हाताची घडी घालून कडेला उभा होता, आणि अख्खी गल्ली त्याच्या तोंडाकडं बघत होती. बेलीफनं पंच मागितले. ताबा दिल्याचा कागद करायला दोन साक्षीदार लागतात. त्याबरोबर सगळ्यांना कामं आठवली. कुणाची मोटर चालू राहिली होती, कुणाची म्हैस सुटली होती. एक निवृत्त पोस्टमन तेवढा पुढं झाला. दुसरा मिळेना. बेलीफनं अर्धा तास वाट पाहिली, घड्याळ बघितलं आणि म्हणाला, "पंच नसतील तर मला परत जावं लागंल. दुसरी तारीख घ्या."

तो शब्द ऐकून द्वारकाबाईनं पहिल्यांदा मान खाली घातली. एवढ्या वर्षांत मी तिला तो शब्द किती वेळा ऐकवला असेल. तिची मान खाली गेलेली मी कधी बघितली नव्हती. बहुधा मी बघतच नव्हतो.

"मी चालेन का?" मी विचारलं.

बेलीफनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुम्ही कोण?"

मी खिशात कार्ड शोधू लागलो. सोनियाच म्हणाली, "चालतील. सर, या दरखास्तीत तुमचं वकीलपत्र नाही. कागदोपत्री तुम्ही त्रयस्थ." तिनं ते अगदी सरळ, टोचायचं म्हणून नव्हे, तर कामाचं म्हणून सांगितलं. टोचून बोलली असती तर मला भांडता आलं असतं.

कुलूप तोडलं. पत्र्याचं दार करकरत उघडलं. आत लोखंडाचा कीस आणि जळका वास होता. द्वारकाबाई आत गेली, मधोमध उभी राहिली, आणि पायानं जमीन चाचपून बघू लागली. संस्कृती तिच्या मागं उभी होती.

बेलीफनं बाहेर गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवला आणि एका सुरात वाचून दाखवला. जागेच्या चतुःसीमा, दिवस, वेळ. मग शेवटचं वाक्य : "आम्हा पंचांचा दोन्ही पक्षकारांशी कसलाही संबंध नाही." त्यानं मान वर केली. "बरोबर ना?"

पोस्टमननं केव्हाच सही केली होती. पेन माझ्या हातात होतं. मी आत बघितलं. द्वारकाबाई दारात आली होती.

"करा सही, साहेब," ती म्हणाली. "ऊन लई हाय. सगळे खोळंबलेत."

मी सही केली. खाली पूर्ण नाव लिहिलं, वय लिहिलं, आणि बेलीफनं दोनदा विचारल्यावर धंद्याच्या रकान्यात, वकिली.